बंडखोरांवरची बंदी अन् सुरतच्या घंटीवर आलेला माल

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, जरा लांबेल, पण विषय डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात जेवणाच्या ताटावर झाली. मागे नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी होती ना, सीरियाचे राष्ट्राध्यक्ष, पूर्वीचे बंडखोर म्होरके अहमद अल-शरा यांचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंधांच्या यादीतून काढलं, १४ मतं बाजूने आणि चीन तटस्थ. वडील टीव्ही बघत होते, म्हणे अरे ह्याच्या डोक्यावर अमेरिकेने एक कोटी डॉलर लावले होते ना, आता हाच पाहुणा म्हणून व्हाइट हाउसात जातोय? मी म्हटलं हो, डिसेंबर २०२४ ला तिथला हुकूमशहा असद पळाला, ह्यांच्या हातात देश आला, आता जुनी बंदी तशीच ठेवली तर त्या देशात बँकेचा पैसा जाणार कसा. वडील म्हणे मग बंदी घातली कशाला होती?

प्रश्न साधा आहे पण मला उत्तर देता आलं नाही. मग वाचत गेलो, वाचता वाचता अंगोलापाशी पोचलो आणि तिथून थेट आमच्याच घरात.

आमचे वडील १९८८ ला भडगाव सोडून सुरतला गेले. आपल्या खान्देशची बहुतेक माणसं तिकडे उधना, लिंबायत, पांडेसरा धरून लूम आणि मिलमधे लागली, वडील मात्र एका ओळखीने वराछाला हिऱ्याच्या कारखान्यात बसले. एका घंटीभोवती (हिरे घासायचं टेबल) चार कारागीर, मधे फिरणारी सरण म्हणजे घासायची चकती, वडील आयुष्यभर तळिया, म्हणजे हिऱ्याच्या खालच्या बाजूचे पैलू, मारायचे. २००८ च्या मंदीत कारखाने बंद पडले तेव्हा घरी आले. म्हणजे १९८८ ते २००८, ही वीस वर्षं लक्षात ठेवा.

आता अंगोला बघा. १९७५ ला स्वातंत्र्य मिळालं त्याच साली यादवी सुरू. युनिता नावाची संघटना, म्होरक्या जोनास साविंबी. १९९२ ला निवडणूक झाली, हरला, निकाल मान्य केला नाही आणि परत जंगलात गेला. सुरक्षा परिषदेने सप्टेंबर १९९३ मध्ये ठराव ८६४ करून युनिताला हत्यारं आणि डिझेल-पेट्रोल विकायला बंदी घातली. एखाद्या देशावर नाही तर देशातल्या बंडखोर गटावर अशी बंदी, हा तेव्हा नवाच प्रकार होता. मग १९९४ ला लुसाकाचा करार झाला, तोही पाळला नाही म्हणून १९९७ ला युनिताच्या पुढाऱ्यांचा परदेश प्रवास बंद, बाहेरची ऑफिसं बंद. आणि जून १९९८ ला ठराव ११७३, खाती गोठवा आणि अंगोला सरकारचं सर्टिफिकेट नसेल तर तिथला हिरा कोणीच घ्यायचा नाही.

म्हणजे बघा, पहिल्या बंदीनंतर हिऱ्यापर्यंत पोचायला पाच वर्षं लागली. आणि १९९२ ते ९८ ह्या काळात युनिताने हिरे विकून ३.७ अब्ज डॉलर कमावले असा अंदाज ग्लोबल विटनेस ह्या संस्थेने मांडला. त्या पैशातून तोफा आल्या, सुरुंग आले. तो माल कच्चाच काही कोणी बोटात घालत नाही, कुठेतरी घासला गेलाच असणार ना? हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला घास खाली ठेवला. म्हणे आमच्यापुढं पडीकं (हिऱ्यांची कागदी पुडी) यायचं, त्यावर वजन आणि नंबर, कुठला माल ते शेठलाही माहीत नसायचं अन् आम्हाला विचारायची गरजही वाटायची नाही.

तुमचं मत सांगा. अशा बंद्यांनी लढाई थांबते का, आणि लढाई थांबल्यावर त्या उठवायच्या कधी?

अमळनेरकर

भाऊ, चांगला धागा काढला. पण मी सरळ सांगतो, माझा ह्या निर्बंधांवर विश्वास नाही. इराकवर १९९० पासून घातले होते, सद्दामच्या महालात काही कमी पडलं का? औषधाविना पोरं मेली ती गरिबांची. अंगोलात पण लढाई थांबली ती फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबीला गोळी लागली म्हणून. २२ फेब्रुवारीला तो मेला आणि ४ एप्रिलला करार. सहा आठवडे. त्यात ठरावाचा संबंध कुठे आला?

गिरणाकाठ

अमळनेरकर दादा, इराकचं म्हणणं शंभर टक्के मान्य, तिथे अख्खा देश कोंडला होता. त्यातूनच पुढे माणसं आणि गट निवडून निर्बंध घालायची पद्धत वाढली. युनिताची बंदी त्या दुसऱ्या जातीची, तिने राजधानी लुआंडातल्या बाईच्या चुलीतलं रॉकेल बंद होत नव्हतं, सरकारने ठरवलेल्या बंदरातून तेल येतच होतं.

साविंबी मेला म्हणून लढाई थांबली हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण तो मेला तेव्हा त्याच्याजवळ काय उरलं होतं तेही बघा. १९९९ पर्यंत बंदी नुसती कागदावर होती. मग कॅनडाचे राजदूत रॉबर्ट फाउलर निर्बंध समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी तज्ज्ञांचं पथक लावलं. मार्च २००० च्या अहवालात नावं घेऊन लिहिलं, टोगो आणि बुर्किना फासोच्या राष्ट्राध्यक्षांची सुद्धा, की इथून माल गेला, इथून खोट्या कागदावर हत्यारं आली, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या हिरेबाजारात कोणी नीट तपासत नव्हतं. तोवर सुरक्षा परिषदेत चालू राष्ट्राध्यक्षांची अशी उघड नावं घ्यायची रीत नव्हती. नावं बाहेर पडल्यावर शेजारी देश हात आखडते घ्यायला लागले, सरकारी फौजेने पण तेव्हाच जोर लावलेला होता. डिझेल नसेल तर ट्रक जंगलात उभाच राहतो. माझं म्हणणं इतकंच, गोळीने माणूस मेला पण त्याच्यामागे लढायला कोणी उभं राहिलं नाही, ह्यात त्या तीन वर्षांचा मोठा हात आहे.

फौजी_धुळे

जय हिंद. मी ह्या विषयावर गप्प बसू शकत नाही.

तुम्ही अंगोला म्हणताय, मी सिएरा लिओन सांगतो. मी स्वतः तिथे नव्हतो पण माझ्याबरोबर भरती झालेला एक जोडीदार २००० साली शांतिसेनेत होता, आजही भेटला की तोच विषय. तिथले बंडखोर म्हणजे आरयूएफ, म्होरक्या फोदे सांकोह. ह्या लोकांनी सामान्य माणसांचे हात तोडले, लहान पोरांच्या हातात बंदुका दिल्या. आणि जुलै १९९९ च्या लोमे करारात ह्याच सांकोहला काय दिलं माहीत आहे का? माफी तर दिलीच, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा दिला आणि देशाच्या खनिजांच्या आयोगाचं अध्यक्षपद दिलं. ज्या हिऱ्यांवर त्याचं बंड पोसलं जात होतं त्याच तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला!

मे २००० मध्ये आरयूएफने शांतिसेनेचे सुमारे पाचशे लोक धरले. कैलाहून नावाच्या गावात आपल्या गोरखा रायफल्सचे जवान घेरले गेले, २२२ जण, अडीच महिने. रसद बंद. जोडीदार सांगतो की राजधानी फ्रीटाउनच्या बाजूला बसलेल्यांना रोज वायरलेसवर कैलाहूनचा आवाज आला की बरं वाटायचं, आणि उशीर झाला की ताट पुढे असून कोणी जेवायचं नाही. १५ जुलैला ऑपरेशन खुकरी झालं, पावसात, हेलिकॉप्टर घालून वेढा फोडला, सगळे बाहेर काढले, आपला एक हवालदार धारातीर्थी पडला.

आता तारीख बघा. सिएरा लिओनच्या हिऱ्यांवर बंदी घालणारा ठराव १३०६ हा ५ जुलै २००० चा. खुकरीच्या फक्त दहा दिवस आधी. बंड सुरू झालं होतं मार्च १९९१ ला. नऊ वर्षं तो हिरा जगाने मुकाट्याने घेतला आणि शेवटी त्या पैशाच्या गोळ्या आपल्या पोरांवर झाडल्या गेल्या. म्हणून कोणी म्हणालं ना की बंद्या निरुपयोगी तर मला ते सहन होत नाही. निरुपयोगी नाहीत, उशिरा घातल्या.

चाळीसगावची_लेक

फौजी काका, वाचताना काटा आला अंगावर.

एक मला विचारायचंय, बंडखोर जंगलात, मग माल बाजारात सर्टिफिकेटसह यायचा कसा? मी शोधलं तर लायबेरियाचं सापडलं. लायबेरियात वर्षाला जेमतेम एक ते दीड लाख कॅरेट निघू शकतात, आणि १९९४ ते १९९८ मध्ये बेल्जियममधे लायबेरियाच्या नावावर ३ कोटी १० लाख कॅरेटपेक्षा जास्त माल उतरलाय. दरवर्षी साठ लाखांच्या वर! बाजूच्या देशांतला, कुठला कुठला माल लायबेरियाचा म्हणून दाखवला.

हे वाचलं आणि मला आपल्या गिरणेची वाळू आठवली. आमच्या शेताच्या कडेने ट्रॅक्टर जातात रात्री. एकदा आबांनी एकाला अडवलं, पावती दाखव म्हणे, त्याने दाखवली, पावती खरी, शिक्का खरा, पण तारीख सकाळची आणि ही त्याच पावतीवरची पाचवी खेप. पावती खरी असली म्हणजे वाळू खरी असं थोडीच असतं. लायबेरिया म्हणजे तीच एक पावती, देशाएवढी.

आणि नदीचा हिरा पण वाळूसारखाच आहे, खाण खणावी लागत नाही, फावडं, पाणी, चाळणी घेतली की झालं. मैलोन्‌मैल काठावर पहारा कोण ठेवणार?

रावेरकर

हाई तं एकदम खरं शे ताई. आमच्याकडे तापीकाठी बी तेच. उगमाशी अडवायला जाल तर नदी मोठी, तुम्ही थोडे. जिथे ढीग पडतो, बांधकाम चालू असतं, तिथे विचारलं पाहिजे बाबा ही कुठून आणली. पण विचारत कोणीच नाही कारण स्वस्त मिळते.

सुरतवाला_नंदुरबारी

गिरणाकाठ भाऊ, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. मी महिधरपुऱ्यात एका पेढीवर रफच्या, म्हणजे कच्च्या हिऱ्यांच्या कागदपत्रांचं काम बघतो, चौदा वर्षं झाली, तर हातातलं सांगतो.

हे सगळं घडलं म्हणून मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली गावात हिरे काढणारे देश, व्यापारी आणि संस्था एकत्र बसल्या, आणि १ जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रोसेस सुरू झाली. आता कच्चा माल सीलबंद डब्यात आणि सरकारी सर्टिफिकेटसहच येतो, दोन सदस्य देशांच्या मधेच जातो, बाहेरच्याला विकता येत नाही. भारत पहिल्यापासून आहे, २००८ आणि २०१९ ला अध्यक्ष होता आणि ह्या २०२६ ला परत आहे. जगातल्या दहा हिऱ्यांतले नऊ आपल्याकडे घासले जातात म्हणतात, मग ही जबाबदारी आपलीच नाही तर कुणाची?

फरक पडला का? पडला. सिएरा लिओनची कायदेशीर निर्यात १९९९ ला १२ लाख डॉलर होती, २००४ ला १२ कोटींच्या वर गेली. म्हणजे तोच माल जो चोरवाटेने जायचा तो सरकारी दारातून जायला लागला.

पण मला ज्या गोष्टीने झोप लागत नाही ती सांगतो. एक, किंबर्लीच्या व्याख्येत फक्त बंडखोर आहेत. बंडखोर किंवा त्यांचे साथीदार कायदेशीर सरकार उलथवायला जो हिरा वापरतात तोच वाईट. २००८ ला झिम्बाब्वेच्या मारांगेत सरकारी फौजेनेच खाणीतली माणसं मारली, तो माल व्याख्येत नीट बसेना, वर्षानुवर्षं भांडण चाललं. दुसरं, वेगवेगळ्या देशांचा माल एकत्र झाला की सर्टिफिकेटवर मूळ म्हणून मिश्र एवढंच येतं. मी स्वतः रोज हा शब्द वाचतो. आणि तिसरं, एकदा घासला की सर्टिफिकेट संपलं, पुढे बिलावर एक ओळ असते की हा माल संघर्षातला नाही, अशी आम्ही हमी देतो. ती ओळ छापीलच असते.

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचं अगदी अलीकडचं आहे. मार्च २०१३ मध्ये सेलेका बंडखोरांनी राजधानी घेतली, मे मध्ये किंबर्लीने त्या देशाचा माल बंद केला. चांगलं केलं. पण पूर्ण बंदी उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडला, मधे फक्त काही भागांना सूट. साडेअकरा वर्षं! तोवर कॅमेरूनमार्गे माल बाहेर जातच होता आणि जो गरीब माणूस चाळणी घेऊन नदीत उभा राहतो त्याला कमी भाव. त्याने कोणाचं घर जाळलं होतं?

अमळनेरकर

हेच, हेच मी म्हणत होतो. घालताना एक दिवस अन् उठवताना एक तप. गिरणाकाठचा प्रश्न होता उठवायचं कधी, त्यावर बोला कोणीतरी.

शिरपूरची_वहिनी

मी बोलते. मी बँकेत आहे, कुठल्या ते लिहीत नाही.

बाहेरून पैसा आला की आमच्या सिस्टीममधे नाव यादीशी ताडून बघितलं जातं. संयुक्त राष्ट्रांची यादी आपल्याकडे कायद्यानेच लागू होते, यूएपीए ह्या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम ५१ अ आहे. मागच्या वर्षी आमच्याकडे एक आजोबा यायचे, मुलगा आखातात प्लंबर. मुलाचं नाव यादीतल्या कुणाशी तरी जुळलं, आडनावासकट, आणि पैसे अडकले. जन्मतारीख वेगळी, आईचं नाव वेगळं, तरी वरून उत्तर येईपर्यंत तीन आठवडे गेले. आजोबा रोज साडेदहाला येऊन बाकावर बसायचे, हातात पिशवी, पिशवीत मुलाच्या पासपोर्टची झेरॉक्स प्लास्टिकमधे गुंडाळलेली. मला काहीच करता येत नव्हतं. आणि ह्या माणसाचा कुठल्याच लढाईशी संबंध नव्हता, मग ज्याचा खरंच होता आणि ज्याने हत्यार खाली ठेवलंय त्याचं काय होत असेल?

कोलंबियाचं बघा. फार्क ह्या तिथल्या बंडखोर संघटनेने २०१६ ला करार केला, सुमारे १३ हजार लोक सामान्य आयुष्यात यायला निघाले. अमेरिकेने फार्कला दहशतवादी यादीतून काढलं ३० नोव्हेंबर २०२१ ला. पाच वर्षं! तोपर्यंत अमेरिकेच्या पैशातून चालणाऱ्या संस्थांना ह्या लोकांना शेती शिकवायची तरी भीती, कारण मदत केली की गुन्हा. आणि त्या दिवशी जे गट परत जंगलात गेले होते त्यांना वेगळं यादीत घातलं, ते मला पटतं, कोण थांबला आणि कोण नाही हे वेगळं करता येतं, करायचं मनात असेल तर.

अंगोलाच्या बाबतीत ते लवकर झालं. एप्रिल २००२ ला करार आणि ९ डिसेंबर २००२ ला ठराव १४४८ ने सगळे निर्बंध उठले. पण मधल्या महिन्यांत युनिताचे ८० हजारांच्या आसपास सैनिक आणि त्यांच्या बायकापोरांची लाखोंची वस्ती छावण्यांत होती, उपाशी आणि आजारी. त्यांना कोणी हिरा दिला नव्हता. बंदीच्या यादीत पुढारी होते आणि छावणीत हे.

आणखी एक, आपल्याशी संबंधित. डिसेंबर २०२२ ला सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ केला की अन्न-औषधाची मदत निर्बंधांत अडकवायची नाही. १४ मतं बाजूने. भारत तटस्थ राहिला, आणि तेव्हा अध्यक्ष आपणच होतो. आपलं म्हणणं असं की शेजारात दहशतवादी गट धर्मादाय संस्थेचं नाव लावून पैसा गोळा करतात. ते खोटं नाही. पण मला त्या बाकावरच्या आजोबांना बघितल्यावर वाटतं की आपण बाजूने मत देऊन सोबत कडक हिशेब मागायला हवा होता.

फौजी_धुळे

वहिनी, तुमच्या मताचा आदर आहे, पण मी सहमत नाही. धर्मादायच्या नावाने काय काय येतं ते सीमेवर आम्ही बघितलंय. तटस्थ राहिलो ते योग्यच केलं.

सैनिकांबद्दल मात्र तुमचं बरोबर. आरयूएफची पोरं दहा-बारा वर्षांची होती, पळवून आणलेली. जोडीदार म्हणायचा त्यांच्याकडे बघितलं की राग येतो अन् लगेच स्वतःचा पोरगा दिसतो. माझा राग सांकोहवर आहे, तो २००३ ला कोठडीत मेला, आणि आरयूएफला पोसणारा लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर, त्याला २०१२ ला पन्नास वर्षं लागली. ती शिक्षा झाली हे मला सगळ्या ठरावांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

उठवायचं कधी ह्यावर आता मला असं वाटतं: नुसत्या सहीवर नाही. लोमेला सही होती. कमाईचा रस्ता हातातून सुटला की नाही हे बघून. युनिताचा सुटला, बंदी उठली, आज तोच पक्ष संसदेत मुख्य विरोधी आहे, २०२२ च्या निवडणुकीत जवळपास ४४ टक्के मतं घेतली. आरयूएफनेही पक्ष काढला होता, २००२ ला एकही जागा आली नाही. लोकांनी त्यांचं काय करायचं ते स्वतः ठरवलं, पण तशी वेळ येण्याआधी हिऱ्याची वाट बंद व्हावी लागली. आणि पुढाऱ्यांचं नाव राहू द्या हवं तर, शिपायाचं आणि चाळणीवाल्याचं पहिल्या महिन्यात मोकळं करा.

रविवारी वडिलांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. सुरतवाला भाऊ, तुमचा मिश्र शब्द ऐकल्यावर उठले, कपाटातून जुना आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) आणि चिमटा काढला, आईच्या मंगळसूत्रातल्या वाटीवर धरून मला बघायला लावलं. म्हणे नदीचा माल ओळखू यायचा रे. खाणीतल्याला धार असते, नदीतला गोलसर, वरून धुरकट साल असल्यासारखा, घासलेल्या काचेगत. कधी कधी आठवडाभर तसाच माल यायचा, सरणवर धरला की पहिल्या फेऱ्यातच साल निघून जायची आणि आतून पाणीदार. मग तो कुठलाही असू शकतो. आम्ही खुश व्हायचो, माल चांगला म्हणून.

मग म्हणे त्या युनितावाल्याची नदी कोणती. क्वांगो म्हटलं. नकाशावर दाखव म्हणे. मोबाईल दिला, दोन बोटांनी मोठा करत करत ती नदी खालून वर पार काँगोपर्यंत बघत बसले, चहा गार झाला तरी.

सुरतवाला भाऊ, एक विचारायचं राहिलं. मिश्र सर्टिफिकेटच्या मालात आधीच्या देशाची नोंद तुमच्या पेढीवर किती वर्षं जपून ठेवतात? वडिलांना विचारायचंय.

सुरतवाला_नंदुरबारी

उद्या पेढीवर जुनी फाईल काढून बघतो आणि इथेच लिहितो. काकांना सांगा, त्यांच्या काळातल्या मालाची नोंद मिळणार नाही, २००३ च्या आधीचं काहीच नाही आमच्याकडे.